फ्रँकनचा झिल्व्हानर आणि पांढरे ॲस्परॅगस

जर्मन वाइनवरच्या ज्या लेखाला हे उत्तर आहे, त्या लेखात कोरड्या (जवळजवळ गोडी नसलेल्या) जर्मन व्हाइट वाइनचा विचार रीसलिंग या एकाच द्राक्षाच्या वाइनपुरता केला आहे आणि ॲस्परॅगस या कोंबांच्या भाजीबरोबर कोणतीच वाइन जुळत नाही, असे म्हटले आहे. या दुसऱ्या विधानाशी मी मुळीच सहमत नाही. बव्हेरियाच्या उत्तर भागातील फ्रँकन प्रदेशात, वुर्झबर्ग शहराच्या आसपास माइन नदीकाठच्या चुनखडीच्या उतारांवर पिकणाऱ्या द्राक्षाचा झिल्व्हानर लेखकाने अवश्य चाखून पाहावा. १६५९ साली तिथल्या कास्टेल गावी लागवड झाल्यापासून हे द्राक्ष त्या प्रदेशाचेच होऊन गेले आहे आणि त्याची वाइन आजही चपट्या, गोल पोटाच्या बाटलीत भरली जाते.

ॲस्परॅगसचे सोललेले जाड पांढरे देठ मीठ, चिमूटभर साखर आणि लोणी घातलेल्या पाण्यात शिजवून, वर वितळलेले लोणी ओतून, उकडलेले बटाटे व हॅमसोबत वाढतात. रीसलिंगची धारदार आम्लता त्यातला किंचित कडवटपणा अधिकच उघड करते, तर झिल्व्हानरची आम्लता सौम्य आणि गंध संयत असल्यामुळे तो भाजीवर कुरघोडी न करता लोण्याचा जडपणा तेवढा कमी करतो. ॲस्परॅगसचा हंगाम २४ जूनला संपला, की हीच वाइन लोण्यात परतलेल्या ट्राउट माशाबरोबरही उत्तम लागते.

बाटलीवर ‘ट्रॉकन’ म्हणजे ‘कोरडी’ असे लिहिलेले असावे; त्यात लिटरमागे जास्तीत जास्त ९ ग्रॅम साखर चालते, फ्रँकनमध्ये ती बहुधा त्याहून बरीच कमी असते. झणझणीत रश्श्याबरोबर मात्र हा झिल्व्हानर घेऊ नये, कारण तिखटापुढे त्याची चव दबते. तिथे थोडी गोडी राखलेली रीसलिंगच बरी.