करुणा हवी तेवढी घ्या

तर भाच्याने अखेर सांगितलं. बुद्धपौर्णिमेची दुपार, विहारातून आणलेली खीर वाट्यांत ओतून झालेली, आणि हा म्हणाला, "मामा, चार वर्षं तुम्ही ज्याला माझा रूममेट म्हणताय ना, तो रूममेट नाही." तुमचा चमचा वाटीतच राहिला. राहू द्या. अशा वेळी काय करायचं हे कोणी शिकवत नाही, म्हणून हा लेखप्रपंच. नीट वाचलात तर समलिंगी माणसांबद्दल अपार करुणाही बाळगता येईल आणि त्यांच्या पदरात काही पडणारही नाही. दोन्ही एकदम जमतं. मी कित्येक वर्षं जमवलंय.

सुरुवात घरच्या पाठांतरापासून करा. करणीयमेत्त सुत्त, म्हणजे सगळ्यांशी मैत्रीने वागा सांगणारं पाली सुत्त, तुम्हाला तोंडपाठ आहेच. 'दीघा वा ये महन्ता वा, मज्झिमा रस्सका अणुकथूला.' लांब, मोठे, मध्यम, आखूड, बारीक, जाड, दिसणारे, न दिसणारे, जन्मलेले, जन्माला यायचे, सगळ्यांचं भलं होवो. एवढी लांबलचक यादी, पण त्यात 'गे' आहे का? नाही. विषय संपला. कोणी त्याच सुत्तातल्या 'सब्बे सत्ता'वर, म्हणजे 'सगळे जीव'वर, बोट ठेवलंच, तर शांतपणे सांगा, सब्बे म्हणजे तसे सब्बे नव्हेत. फक्त तुमच्या ताईपासून सावध राहा. आई एकुलत्या एक लेकराला जिवापाड जपते तसं सगळ्यांना जपावं, ही ओळ तिने फारच मनावर घेतलीय. भाचा बोलला तेव्हा ती उठली, आतून आणखी एक वाटी आणली आणि त्या दुसऱ्या पोरापुढे ठेवून म्हणाली, "थंड होतेय, खा." अशी माणसं सगळी चर्चाच बिघडवतात.

करुणेच्याही वरची पायरी उपेक्खा. पालीत तिचा अर्थ मनाचा समतोल. मराठीत येता येता तिची 'उपेक्षा' झाली, आणि आपण मराठी माणसं, तेव्हा मराठी अर्थच धरावा. बुद्धघोष या जुन्या भाष्यकाराने विसुद्धिमग्ग या ग्रंथात बजावून ठेवलंय की अज्ञानातून आलेली बेफिकिरी ही उपेक्खेची जवळची वैरीण, दिसायला तिच्यासारखीच. ते पान उलटा. मुदिताही वगळा. मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या सुखात आनंद. उद्या लग्नाची पत्रिका आली म्हणजे पंचाईत.

ग्रंथाधार लागेल. भिक्खूंच्या नियमांचं विनयपिटक काढा, लैंगिकदृष्ट्या वेगळ्या ठरवलेल्यांसाठीच्या 'पण्डक' या जुन्या शब्दाशी थांबा, आणि ठासून सांगा की अशांना उपसंपदाच, म्हणजे भिक्खूची दीक्षाच, नाही. तो नियम भिक्खूसंघात कोणाला घ्यायचं याचा आहे, शिवाय त्याच विनयाप्रमाणे दुपारनंतर जेवण वर्ज्य, असं कोणी म्हणालं तर समोरची चार वाजताची भजी जरा बाजूला सरकवा. दलाई लामांचंही नाव घ्या, पण वर्ष सांभाळून. १९९७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत बौद्ध दृष्टीने हे मिथ्याचारात, म्हणजे गैर लैंगिक वर्तनात, मोडतं असं ते म्हणाले, तेवढं लक्षात ठेवा. तिथेच समलिंगी बौद्धांना भेटून त्यांनी या माणसांच्या मानवी हक्कांना पाठिंबा दिला आणि २०१४ मध्ये दोघांची राजीखुशी असेल तर हरकत नाही म्हणाले, तेवढं विसरा. विहारातली ती सोनेरी मूर्ती थायलंडहून आली. तिथे २३ जानेवारी २०२५ पासून समलिंगी विवाह कायदेशीर आहे. मूर्ती आली ते ठीक, सोबत कायदा यायची गरज नव्हती. सीमाशुल्कात अडकला असं समजा.

आता राजकारण. इथे जरा जपून, कारण या वळणावर आपलेच पाय आपल्या पायांत येतात. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ वरच्या २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या लोकांना अगदी नगण्य संख्येचे ठरवलं होतं. २०१८ मध्ये तो निकाल पुसला गेला, तरी मुद्दा वापरायला अजून छान आहे. "मूठभर लोक आहेत हो, त्यांच्यासाठी कायदे कशाला?" एवढंच की हे म्हणताना २०११ च्या जनगणनेत देशात बौद्ध ०.७ टक्के होते, हे जिभेवर येऊ देऊ नका. "समाज अजून तयार नाही" हेही वाक्य चालेल. समाज १९२७ सालीही तयार नव्हता. पण महाडच्या चवदार तळ्यातून एखाद्या दयाळू सवर्णाने रोज दोन हंडे पाणी घरपोच दिलं असतं, तर आपल्या पणजोबांनी सत्याग्रह थोडाच केला असता? केला असता म्हणता? मग हा दाखला नकोच.

बाबासाहेबांचंही सगळं काढू नका. १९३४ साली र. धों. कर्व्यांवर 'समाजस्वास्थ्य' मासिकासाठी अश्लीलतेचा खटला भरला गेला. गुन्हा काय, तर वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली, त्यात समलिंगी संबंधांबद्दलचाही प्रश्न होता. कर्व्यांचे वकील बाबासाहेब. खटला हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. जयंतीच्या भाषणात एवढ्या तपशिलाला वेळ कुठे असतो?

जयंतीवरून आठवलं. १४ एप्रिलच्या रक्तदान शिबिरात भाच्याला नेऊ नका. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांना रक्तदात्यांतून वगळलंय. गेल्या वर्षी नेलात तेव्हा त्याने फॉर्म अर्धा भरला, एका प्रश्नाशी पेन थांबलं, आणि "चक्कर येतेय" म्हणून तो उठला. तुम्ही त्याला ग्लुकोज बिस्किटं दिलीत. याला म्हणतात करुणा.

घराचं म्हणाल, तर दोन पोरांना भाड्याने जागा मिळत नाही, त्याला तुम्ही काय करणार? तुमच्या वडिलांना आडनाव ऐकून जागा नाकारली होती, तो किस्सा तुम्ही पन्नासदा सांगितलाय. तो अन्याय होता. हा सोसायटीचा नियम आहे.

आणि लग्नाचं तर सोपंच. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाचही न्यायमूर्तींनी विवाह हा मूलभूत हक्क नाही म्हटलं आणि सरकारने समिती नेमायचं कबूल केलं. समिती बसली की आपणही बसावं.

राहता राहिला दवाखाना. समजा, रात्री दोनला फोन आला, भाच्याचं ॲपेंडिक्स. तुम्ही पोचता तेव्हा तो पोरगा काउंटरपाशी उभा असेल, एका पायात एक चप्पल, दुसऱ्यात दुसरीच. फॉर्मवर नाव, वय, रक्तगट, ॲलर्जी सगळं त्याने भरलेलं. भाच्याला कुठलं औषध चालत नाही हे तुम्हाला कुठे ठाऊक होतं? फक्त 'रुग्णाशी नातं' हा रकाना कोरा. "मित्र नाही चालणार, रक्ताचं कोण आहे?" असं सिस्टर तिसऱ्यांदा विचारत असतील. जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात द्यावा, असं केंद्राने २०२४ मध्ये राज्यांना कळवलंय, पण भाचा तर जिवंत आहे. तेव्हा तुम्ही पुढे व्हा. 'मामा' लिहा, सही ठोका, त्याच्या खांद्यावर हात ठेवा आणि म्हणा, "भवतु सब्ब मंगलं."

आणि पेन परत करा. पेन त्याचं आहे.