महिना ३,९९९ रुपयांत पहिला नंबर

नागपुरात तुमचं दुकान असेल आणि दुकानाची वेबसाइट असेल, तर तो फोन तुम्हाला येऊन गेला असणार. नसेल आला तर आज दुपारी येईल, तुम्ही डबा उघडताच. "काकाजी, तुमची वेबसाइट गूगलवर कुठंच दिसून नाही राहिली न!" असा फोन चुकूनही कापू नका. मी कापला नाही, म्हणून तर आज चार गोष्टी सांगायच्या लायकीचा झालो.

आमचं इतवारीत कूलरचं दुकान आहे. कूलर, पंप, मोटर, खस, सगळं. तर अनुभवानं सांगतो, वेबसाइट गूगलवर वर आणून द्यायचं पॅकेज हे फोनवाले विकतात, त्यातलं सगळ्यात स्वस्त असेल तेच घ्या आणि पहिल्या नंबरची गॅरंटी मागा. अशी हमी कोणालाच देता येत नाही, असं गूगलनं स्वतःच आपल्या मार्गदर्शनात लिहून ठेवलंय. पण गूगलवाल्यांना गूगलमधलं काय कळतं?

त्या फोनवाल्यांकडून आमच्याकडे आलेल्या मुलानं गॅरंटी सातव्या दिवशी पुरी केली. दुकानात आला, माझाच फोन घेतला आणि आमच्या दुकानाचं पूर्ण नाव टाकलं, पुढं 'इतवारी, नागपूर' जोडून. पहिला नंबर! मी शेजारच्या शेटजींना हाक मारून दाखवलं. आता जवळपासचं दुकान दाखवताना गूगल मुख्यतः तीन गोष्टी बघतं: गिऱ्हाइकाला हवं ते तुमच्याकडे आहे का, तुम्ही किती अंतरावर आहात आणि तुमचं नाव किती आहे. मी माझ्याच गल्ल्यावर बसून माझंच नाव शोधलं तर अंतर शून्य. तिथं दुसरा कोण दिसणार? म्हणून नंबर नेहमी गल्ल्यावर बसूनच तपासावा. धरमपेठेत मेहुण्याकडे गेलात तर फोन खिशातच राहू द्या.

मग वेबसाइट सुधारायला द्या. आमच्या पहिल्या पानावर आधी फक्त एवढंच होतं: कूलर मिळतील, दुरुस्ती होईल, घरपोच देऊ, हा फोन. अगदीच उघडंबोडकं. आता तिथं 'नागपूरमधील सर्वोत्तम स्वस्त कूलर' हे ३१ वेळा आलंय. मोजलंय मी. शिवाय पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात आणखी किती आहे ते मोजता आलं नाही. पानाच्या पोटात कीवर्ड मेटा टॅग म्हणून एक जागा असते, तिथंही शब्द कोंबून भरले. क्रमवारी लावताना आम्ही तो टॅग बघतच नाही, असं गूगलनं २००९ मध्येच सांगून टाकलंय. म्हणजे तिथं काय लिहिलंय ते देव आणि तो मुलगा, दोघांनाच माहीत. एवढी निवांत जागा आता इतवारीत शोधून सापडायची नाही.

पॅकेजमध्ये महिन्याला दहा लेखही येतात. लेख वाचू नका. मी वाचला. मूळ इंग्रजीतून यंत्रानं मराठी केलेला होता. 'आमच्या कूलरमध्ये उच्च दर्जाची खसखस आणि लाकडी लोकर वापरली जाते.' लोकरीचं कोणी मनावर घेतलं नाही, पण दिवाळीच्या तोंडावर महाल भागातल्या एका बाईंचा फोन आला. पावभर खसखस कितीला? अनारशांसाठी पाहिजे होती. मी म्हटलं, ताई, दोन फुटी की तीन फुटी? थोडा वेळ दोन्हीकडं शांतता. त्या महिन्याच्या रिपोर्टात हा फोन 'लीड', म्हणजे होऊ घातलेलं गिऱ्हाईक, म्हणून लागला होता, हिरव्या रंगात.

वस्तीगणिक वेगळं पान बनवायला विसरू नका. मानेवाडा, नंदनवन, प्रतापनगर, मानकापूर, सगळीकडं मजकूर तोच, फक्त वस्तीचं नाव बदलायचं. मुलानं यादी कुठून उचलली माहीत नाही, पण 'फुटाळा तलावातील आमच्या ग्राहकांसाठी खास सवलत' असंही एक पान आहे. माशांची अजून तक्रार नाही. २००६ मध्ये बीएमडब्ल्यूच्या जर्मन वेबसाइटनं असलीच, फक्त गूगलला दाखवायची पानं केली होती, तर गूगलनं तिला यादीतून उचलून बाहेर ठेवलं. बीएमडब्ल्यूच्या पंगतीला बसायचा मान ३,९९९ रुपयांत दुसरीकडे कुठं मिळतो सांगा.

बाहेरच्या साइटवरून आपल्याकडे येणारे दुवे, म्हणजे बॅकलिंक, तेही शेकड्यानं मिळतात. आम्हाला ५०० मिळाले. त्यात ब्राझीलमधला दातांचा दवाखाना आहे, बाकीचे बरेचसे ऑनलाइन जुगाराचे आहेत. अशा विकतच्या दुव्यांना चाप लावायला गूगलनं २०१२ मध्ये आपल्या क्रमवारीत पेंग्विन नावाचा बदल आणला. पण नागपूरच्या उन्हात पेंग्विन किती टिकणार? आलाच तर आधी आमच्याकडून कूलर घेईल.

रिव्ह्यूंबद्दल फार बोलत नाही. एका रात्रीत चाळीस आले, सगळे पाच तारे. एकानं लिहिलंय, 'खोल्या स्वच्छ, नाश्ता उत्तम.'

आता खरी मजा रिपोर्टाची. दर महिन्याला रंगीत आलेख येतो. एप्रिलमध्ये रेघ वर चढायला लागली. मे महिन्यात तर उभीच. २५ मेच्या आसपास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला, पारा ४५ च्या वर, रस्त्यावर कुत्रं नाही, आणि आलेख पानाच्या बाहेर. मुलगा म्हणे, "पाहा काकाजी, मेहनत दिसून राहिली की नाही?" मी पेढे दिले. सूर्य रोहिणीत गेल्याचं श्रेय एका माणसानं घ्यावं आणि दुसऱ्यानं त्याबद्दल पेढे द्यावेत, इतका विश्वास धंद्यात हवाच. मृगाचा पाऊस पडला आणि रेघ खाली आली. त्याचं कारणही रिपोर्टात होतं: गूगलनं अल्गोरिदम, म्हणजे क्रमवारी लावायचं गणित, बदललं.

एक काम मात्र स्वतः करू नका. गूगलवर दुकानाचं बिझनेस प्रोफाइल असतं. ते फुकट असतं, म्हणूनच त्याला हात लावायचा नाही. त्यात बरोबर पत्ता, वेळ, फोन आणि दुकानाचे चार फोटो टाकायला तासभर पुरतो, आणि जवळचं गिऱ्हाईक बहुतेक वेळा तेवढंच बघतं. आमच्या प्रोफाइलवर वर्षभर 'रविवारी बंद' लिहिलेलं होतं आणि जुना लँडलाइन नंबर होता, जो आम्ही कधीच कटवला. आम्ही उन्हाळ्यात रविवारी दिवसभर उघडे असतो. काटोलचे एक भाऊ सोमवारी डोक्याला दुपट्टा गुंडाळून आले, नुसता पंप घ्यायला. म्हणाले, "कूलर काल दुसरीकडून घेतला न, तुमचं बंद दाखवून राहिलं होतं." पॅकेजमध्ये ते येत नाही, असं मुलानं सांगितलं. ते प्लॅटिनममध्ये येतं.

आणि पासवर्ड? पासवर्ड कधीही मागायचा नाही, समोरच्याचा अपमान होतो. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, तोही त्यांच्याच नावावर राहू द्या, तुम्हाला कशाला डोक्याला ताप. मी एकदा हिंमत करून मागितला. उत्तर आलं, तो ज्या मुलाकडे होता तो पुण्याला गेला. नागपूरच्या माणसाला यावर पुढं बोलता येत नाही, आमचाही एक तिकडेच आहे.

शेवटी ठरवलं, प्रत्यक्षच जाऊन बोलू. त्यांचं ऑफिस नकाशावर शोधलं, स्कूटर काढली आणि बाई सांगेल तसा वळत गेलो. 'तुम्ही पोहोचला आहात' म्हणाली तेव्हा मी एका मंगल कार्यालयाच्या दारात उभा होतो. आत लग्न लागलेलं होतं, पंगत बसत होती. कोणीतरी हाताला धरून "या काकाजी, मुलाकडचे न?" म्हणालं.

जेवून आलो.