आखूड दांड्याचे मल्टिटूल की सुट्या ॲलन की? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

सायकलच्या वाटेवरील दुरुस्तीसाठी छोटे मल्टिटूल, म्हणजे अनेक अवजारे घडी घालून एकत्र बसवलेले साधन, कसे निवडावे, या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि स्पष्ट प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे: छोटे मल्टिटूल म्हणजे देखणे खेळणे, त्याच्या आखूड दांड्याने जोर लागत नाही, सुट्या ॲलन कींचा (षटकोनी खाचेच्या बोल्टसाठीच्या वाकड्या चाव्यांचा) संच त्याहून स्वस्त आणि मजबूत पडतो, आणि महाराष्ट्रात गावोगावी सायकलची दुकाने असल्यामुळे एवढा खटाटोप करण्याचे कारणच नाही. यांतला जोराचा मुद्दा सर्वांत वजनदार आहे, म्हणून आधी तोच घेतो.

बोल्ट किती आवळायचा हे न्यूटन-मीटरमध्ये मोजतात, म्हणजे हाताचा जोर गुणिले बोल्टपासून पकडीपर्यंतचे अंतर. छोट्या मल्टिटूलमध्ये हे अंतर सुमारे पाच सेंटिमीटर धरू. स्टेमच्या (हँडल धरून ठेवणाऱ्या भागाच्या) बोल्टवर बहुधा ५ न्यूटन-मीटर असे छापलेले असते. त्यासाठी पाच सेंटिमीटरवर १०० न्यूटन, म्हणजे साधारण दहा किलोचा जोर पुरतो आणि तो कोणालाही लावता येतो. पॅडल मात्र ३५ न्यूटन-मीटरच्या आसपास आवळावे लागते. तिथे त्याच मल्टिटूलवर सत्तर किलोचा जोर लागेल, तर वीस सेंटिमीटरच्या ॲलन कीवर अठरा किलोत काम होईल. म्हणजे पॅडलपुरते आपले म्हणणे शंभर टक्के खरे आहे. पण पॅडल, बॉटम ब्रॅकेट (पॅडलचे दांडे ज्यावर फिरतात ते बेअरिंग), कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) ही कामे घरी, लांब दांड्याच्या अवजाराने, निघण्यापूर्वी करायची असतात. वाटेत हादऱ्यांनी ढिले होतात ते बाटलीच्या पिंजऱ्याचे, कॅरियरचे, मडगार्डचे, बुटाखालच्या क्लीटचे (बूट पॅडलमध्ये अडकवणाऱ्या तुकड्याचे) बोल्ट, आणि सीटची उंची धरून ठेवणारा बोल्ट. यांतले बहुतेक चार किंवा पाच मिलिमीटरच्या कीने, हलक्या जोरावर बसतात. अपवाद सांगायचाच तर डाव्या क्रँकच्या (पॅडलच्या दांड्याच्या) दोन बोल्टांचा सांगेन. बऱ्याच सायकलींवर ते १२ ते १४ न्यूटन-मीटर मागतात. छोट्या मल्टिटूलवर त्यासाठी पंचवीस-अठ्ठावीस किलोचा जोर लावावा लागतो आणि तळहाताला वळ उठतो, पण घरापर्यंत पोहोचण्याइतके ते आवळता येतात.

सुट्या ॲलन कींच्या बाजूने आणखी एक मुद्दा आहे, जो आपण मांडला नाहीत. बाटलीचा पिंजरा किंवा ब्रेकचा कॅलिपर यांसारख्या अडचणीच्या जागी मल्टिटूलचे जाड अंग फ्रेमला किंवा स्पोकला अडते आणि पाव वळणही घेता येत नाही. म्हणून विकत घेण्यापूर्वी ते आपल्याच सायकलच्या प्रत्येक बोल्टला लावून पाहावे, असे मी सुचवेन. दुकानदार कपाळाला आठ्या घालेल, तर घालू द्यावा.

तरीही मी सुट्या कींवर थांबत नाही, आणि त्याचे कारण साखळी हे आहे. ॲलन कींच्या संचात साखळीची पिन काढणारे अवजार नसते, आणि चढावर गिअर बदलताना तुटलेली साखळी दगडाने ठोकून जुळत नाही. गिअरच्या सायकलच्या अरुंद साखळीत पिनची टोके कडेला दाबून फुलवलेली असतात. एकदा बाहेर काढलेली पिन पुन्हा आत ढकलली तरी ती पकड परत येत नाही, आणि साखळी बहुधा तिथेच पुन्हा सुटते. त्यामुळे वाकलेल्या कड्या काढून टाकायच्या आणि दोन टोके क्विक लिंकने, म्हणजे हाताने जोडता येणाऱ्या सुट्या कडीने, जोडायची, हाच भरवशाचा मार्ग. लिंक हाताने बसवायची, मागचा ब्रेक धरायचा आणि पॅडलवर पाय दाबायचा, की ती खटकन बसते. मागचा डिरेलर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) किंवा त्याचा हँगर (तो फ्रेमला धरणारा तुकडा) मोडला तरी साखळीच्या याच अवजाराने साखळी आखूड करून, मधल्या एखाद्या दातेरी चक्रावर एकाच गिअरची सायकल बनवता येते. साखळीची रेषा सरळ नसेल तर ती शेजारच्या मोठ्या चक्रावर चढू पाहते, म्हणून चक्र नीट निवडावे आणि हळू चालवावे.

आता दुकानांविषयी. पंक्चर काढण्यात आपल्याकडच्या गावातल्या कारागिराचा हात कोणी धरणार नाही. पण त्याच्याकडची साखळी साध्या सायकलची, म्हणजे एक अष्टमांश इंच रुंदीची असते आणि ती गिअरच्या दातांवर चालत नाही. त्याचे पाने नटांसाठी असतात आणि आपल्या सायकलवर नट जवळजवळ नसतातच. शिवाय मुळशीकडून ताम्हिणी उतरताना किंवा रात्रीच्या ब्रेव्हेमध्ये (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीत) उघडे दुकान शोधणार कुठे? ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला ४० तास मिळतात, त्यामुळे एक रात्र तरी रस्त्यावर जातेच. आणि दोन नियंत्रण बिंदूंच्या (वाटेत हजेरीची नोंद होते त्या ठिकाणांच्या) मध्ये स्वतःच्या सहायक गाडीची मदत घेणे नियमात बसत नाही.

किमतीबाबत एवढेच म्हणेन की स्वस्त असण्यात दोष नाही, मऊ पोलादात आहे. कीचे कोपरे गोल झाले की ती बोल्टचे डोकेही खाते, आणि मग तो बोल्ट ड्रिलने काढावा लागतो. कोकणातल्या पावसात तर चांगल्या पोलादाचे मल्टिटूलही बिजागरीत गंजते. घरी आल्यावर ते पुसून तेलाचा थेंब सोडावा आणि जुन्या ट्यूबच्या तुकड्यात गुंडाळून ठेवावे.

शेवटी आपण विचारले आहे की दहा गिअरच्या, डिस्क ब्रेकच्या हायब्रिड सायकलसाठी नेमके काय घ्यावे. चार, पाच आणि सहा मिलिमीटरच्या ॲलन की, डिरेलरच्या स्क्रूंसाठी दोन मिलिमीटरची की किंवा फुली स्क्रू ड्रायव्हर, जे आपल्या सायकलवर असेल ते, आणि साखळीचे अवजार, एवढे असलेले मल्टिटूल पुरेल. आपली डिस्क सहा बोल्टांची असेल तर टी-२५ (चांदणीच्या आकाराच्या टोकाची की) हवाच. तिच्या तशाच आकाराच्या खाचेत ॲलन की जोराने घुसवू नये. स्पोकची चावी मल्टिटूलमध्ये असली तर उत्तम, पण डिस्क ब्रेकमुळे थोडे वाकडे चाकही ब्रेकला घासत नाही, म्हणून तिच्यासाठी मोठे मॉडेल घेऊ नका. क्विक लिंक दहा गिअरच्या साखळीचीच घ्या, कारण नऊची आणि अकराची रुंदी वेगळी असते. आठ मिलिमीटरची की आपल्या पॅडलला लागत असेल, तर ती लांब दांड्याची घेऊन घरीच ठेवा.