ऐहोळेचा बुद्ध, डंबळची तारा आणि एकट्याची मोटारसायकल : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय गुरुजी,
सादर नमस्कार.

उत्तर कर्नाटकातील ऐहोळे, डंबळ आणि सन्नती येथील माझ्या प्रवासावरच्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया मी दोन वेळा वाचली. आपण चिकोडी भागातील निवृत्त शिक्षक आहात, आणि आपल्या आक्षेपांत रागापेक्षा काळजी अधिक आहे, हे जाणवल्यामुळे दोन ओळींत आभार मानून मोकळे होणे मला योग्य वाटले नाही. इतर वाचकांसाठी आपले म्हणणे थोडक्यात सांगतो. आपल्या मुलखात पाहण्याजोग्या आहेत त्या जैन बस्त्या (मंदिरे) आणि शिवालये, तेव्हा ‘प्राचीन बौद्ध मंदिरे’ हा मथळाच दिशाभूल करणारा आहे. ऐहोळेच्या डोंगरावरील ज्या मूर्तीला मी बुद्ध म्हटले ती तीर्थंकराची असणार. पाठीवर सॅक बांधून एकट्याने गाडी पळवणे ही हौस आहे, अभ्यास नव्हे. आणि असले लेख वाचून आपला पुतण्या निघाला तर त्याची जबाबदारी कोणाची, असा आपला प्रश्न आहे.

बेळगाव जिल्ह्यापुरते बोलायचे तर आपले म्हणणे मला मान्य आहे, आणि लेखात त्याविरुद्ध एकही विधान नाही. बेळगाव शहराला लागून असलेल्या वडगाव-माधवपूरच्या उत्खननात सातवाहनकालीन वस्ती सापडली खरी, परंतु तेथील ब्राह्मी लेखाचा स्तंभ वैदिक यज्ञांची नोंद करतो. हलशीचे कदंब राजांचे ताम्रपट जैनांना दिलेल्या दानांविषयी बोलतात, आणि बेळगावच्या किल्ल्यातील कमलबस्ती रट्ट घराण्याच्या राजवटीत, १२०४ च्या सुमारास उभी राहिली. हे सारे आपल्या बाजूचे पुरावे आहेत. मात्र त्यावरून हा सबंध टापू बौद्धांना अनोळखी होता असा जो निष्कर्ष आपण काढता, तो मला मान्य करता येत नाही, कारण जिल्ह्याची हद्द ही महसूल खात्याची सोय आहे आणि भिक्षू, व्यापारी व मूर्तिकार त्या हद्दीने चालत नव्हते. उत्तरेला कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या बाजूस एकोणिसाव्या शतकात ब्राह्मी अक्षरे कोरलेला अस्थिकरंडक (अस्थी ठेवण्याची डबी) सापडला, म्हणजे तेथे स्तूप होता. पूर्वेला जायचे तर नदीच वाट दाखवते. मलप्रभा आपल्याच खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते, सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात अडते आणि पुढे पट्टदकल व ऐहोळे यांना काठाशी घेऊन कुडलसंगमला कृष्णेस मिळते. ज्या पाण्यावर खानापूरची भातशेती होते त्याच पाण्याच्या काठी ऐहोळेचे बौद्ध मंदिर आहे, एवढीच माझ्या मथळ्यामागची भूमिका आहे.

आता त्या मंदिराविषयी आणि आपल्या तीर्थंकराविषयी. ऐहोळे गावालगतच्या टेकडीच्या माथ्यावर मेगुती हे जैन मंदिर आहे, आणि रविकीर्तीने रचलेला चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीचा ६३४ सालचा प्रसिद्ध शिलालेख त्याच्याच भिंतीत आहे. बहुतेक प्रवासी पायऱ्या चढून थेट तेथे जातात, लेखाचे छायाचित्र घेतात आणि उतरतात. माथ्याच्या थोडे खाली, उताराला टेकून, अर्धे कातळात कोरलेले आणि अर्धे बांधलेले दुमजली मंदिर आहे, तेच बौद्ध मंदिर. अभ्यासक ते साधारणपणे सहाव्या शतकाच्या उत्तरार्धातले मानतात, म्हणजे ते मेगुतीच्या आधीचे ठरते. वरच्या मजल्यावरील ओसरीच्या छतावर बसलेल्या बुद्धाचे शिल्प आहे, आणि दरवाज्याच्या चौकटीवर लहान लहान कथादृश्यांचे पट्टे कोरलेले आहेत. टेकडी एकच, त्यामुळे गल्लत होणे स्वाभाविक आहे. तीर्थंकर आणि बुद्ध, दोन्ही मूर्ती बहुधा पद्मासनात, ध्यानस्थ, दोहोंचे कान लांब. तरीही फरक ओळखण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. दिगंबर परंपरेतील तीर्थंकराच्या अंगावर वस्त्र नसते, छातीवर श्रीवत्साचे चिन्ह असू शकते आणि डोक्यावर बहुधा तीन छत्रांची उतरंड असते. बुद्धाच्या अंगावर संघाटी, म्हणजे भिक्षूचे वस्त्र असते, तिची कड खांद्यावरून तिरपी उतरते, आणि मस्तकावर उष्णीषाचा उंचवटा असतो. छतावरचे शिल्प झिजलेले आहे, त्यामुळे भर दुपारी मान वर करून पाहिले तर यातले काही दिसत नाही. सकाळी उन्हाची तिरीप ओसरीत आडवी येते त्या वेळी पाहावे, म्हणजे वस्त्राची कड आपोआप उठून दिसते. आपण ते शिल्प कोणत्या वेळी पाहिले होते, हे जाणून घ्यायला मला खरोखर आवडेल.

पुलकेशीच्याच काळात, ६४१ च्या सुमारास, चिनी प्रवासी ह्युएनत्संग त्याच्या राज्यात येऊन गेला आणि तेथे शंभराहून अधिक विहार व सुमारे पाच हजार भिक्षू असल्याचे त्याने लिहून ठेवले. प्रवाशाचा आकडा काटेकोर मानू नये हे ठीक, पण निम्म्यावर आणला तरी प्रश्न उरतो की ते विहार गेले कुठे. आपली प्रतिक्रिया, क्षमा करा, या प्रश्नाला वळसा घालून जाते. विटा आणि लाकूड यांचे बांधकाम टिकत नाही. आश्रय देणारे व्यापारी दुसऱ्या देवाकडे वळले की दिवाबत्ती बंद पडते. आणि घडवलेला दगड कोणीही वाया जाऊ देत नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण सन्नतीचे आहे. कलबुर्गी जिल्ह्यात भीमेच्या काठी चंद्रलांबा देवीच्या आवारात कालीचे देऊळ होते. १९८६ मध्ये त्याचे छत कोसळले आणि त्यानंतर लक्षात आले की कालीची मूर्ती ज्या शिळेत बसवली होती ती अशोकाच्या आज्ञालेखांची शिळा आहे. मूर्ती बसवण्यासाठी शिळेला मधोमध खाच पाडलेली आहे आणि तेवढी अक्षरे कायमची गेली. जवळच कनगनहळ्ळीला १९९० च्या दशकात उत्खनन होऊन मोठा स्तूप उघडा पडला, आणि तेथील एका शिल्पपट्टावर राजाराणीच्या आकृतीसोबत ब्राह्मीत ‘राया असोको’ अशी अक्षरे मिळाली. देवीची पूजा करणाऱ्यांनी काही पाप केले असे मी म्हणत नाही. त्यांच्या पूजेमुळेच ती शिळा गिट्टीच्या खडीत गेली नाही.

डंबळविषयी आपण एक शब्दही लिहिला नाही, याचे मला आश्चर्य वाटले, कारण माझ्या लेखाचा सर्वांत भक्कम पुरावा तोच आहे. गदगपासून सुमारे वीस किलोमीटरवरील या गावात लोक दोड्डबसप्पाच्या ताराकृती मंदिरासाठी जातात, आणि ते मंदिर आहेही तसेच देखणे. परंतु याच गावातील १०९५ चा शिलालेख, चालुक्य राजा विक्रमादित्य सहावा कल्याणला (आजचे बसवकल्याण) राज्य करीत असताना, सोळा शेट्टींनी उभारलेल्या बुद्धविहाराला आणि लक्कुंडीच्या एका शेट्टीने बांधलेल्या, तारा या बौद्ध देवीच्या विहाराला दिलेल्या दानाची नोंद करतो. शिलालेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी त्याचे वाचन १८८१ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापले, तेव्हा ही माझी कल्पना नव्हे. गुरुजी, साल पुन्हा पाहा. शंकराचार्यांनंतर बौद्ध धर्म दक्षिणेतून नाहीसा झाला असे आपण शाळेत शिकवले असेल, मीही तसेच शिकलो. आणि येथे अकराव्या शतकाच्या अखेरीस गावचे सोळा व्यापारी एकत्र येऊन बुद्धाच्या विहाराची व्यवस्था लावत आहेत. शिमोगा जिल्ह्यातील बळ्ळीगावेच्या शिलालेखांत तर हरी, हर, ब्रह्मा, जिन आणि बुद्ध अशा पाचांची स्थाने एकाच नगरात असल्याचे नोंदलेले आहे. बसवेश्वरांच्या आधीच्या त्या पिढ्यांत या मुलखातील बाजारपेठेचे गाव कसे होते, हे मला पाठ्यपुस्तकापेक्षा या लेखांतून अधिक कळले.

आपल्या आक्षेपाला एक उलट बाजूही आहे आणि तिच्याबद्दल मी तितकाच कठोर आहे. मोबाइलवर हल्ली असे संदेश फिरतात की अमुक शिवालय मुळात विहार होते, तमुक देवी मुळात तारा होती, आणि पुराव्यादाखल एखाद्या झिजलेल्या दगडाचे छायाचित्र जोडलेले असते. १९५६ च्या धर्मांतरानंतर निपाणी, चिकोडी, बेळगाव भागात जे विहार उभे राहिले त्यांतील तरुणांना या जुन्या जागांविषयी आस्था वाटते, ती मला मनापासून आदरणीय वाटते, डॉ. आंबेडकर १९२५ मध्ये निपाणीच्या परिषदेला आले होते, त्यामुळे ही आस्था या भागात नवीनही नाही. परंतु डंबळचा शेट्टी आणि आजचा विहार यांच्यामध्ये अखंड परंपरा आहे असे लिहिणे चुकीचे ठरेल, आणि म्हणूनच मी ते लिहिले नाही. जेथे शिलालेख आहे तेथे शिलालेख, जेथे शिल्प आहे तेथे शिल्प, आणि जेथे केवळ गावकऱ्यांची आठवण आहे तेथे आठवण असेच म्हणावे, हा नियम मी पाळतो. आपण जैन बस्तीचा आग्रह धरताना हाच नियम स्वतःला लावावा, एवढी माझी विनंती आहे.

राहिला प्रश्न एकट्याचा आणि मोटारसायकलचा. बसने जावे असे आपण सुचवता. बदामीपर्यंत बस उत्तम आहे, तेथून ऐहोळेलाही मिळते. परंतु ज्या गोष्टी मी पाहायला जातो त्या सकाळच्या आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात दिसतात, आणि बसचे वेळापत्रक उन्हाकडे पाहून आखलेले नसते. झिजलेला शिलालेख माध्यान्ही कोरा दगड वाटतो आणि सूर्य उतरला की तासाभरासाठी वाचता येतो. तेवढा तास गाठण्यासाठी दुपारभर खानावळीत भाकरी खाऊन पडून राहता आले पाहिजे आणि मनात आले की किल्ली फिरवता आली पाहिजे. शिवाय चारचाकी गावच्या वेशीवर थांबते. दुचाकी गल्लीतून पिंपळाच्या पारापर्यंत जाते, जेथे बहुधा ग्रामदेवतेच्या शेजारी दोनचार जुने दगड मांडून ठेवलेले असतात.

एकटेपणाबद्दल माझे मत आपणास उद्धट वाटेल, तरी सांगतो. चार गाड्यांचा ताफा गावात शिरला की लोक त्याकडे तमाशा म्हणून पाहतात आणि ताफाही गावाकडे तसेच पाहतो. एकटा माणूस मात्र कोणाला तरी विचारल्याशिवाय पुढे जाऊ शकत नाही. तो थांबतो, पाणी मागतो, कन्नडमध्ये आपण कुठले ते सांगतो, आणि मग देवळाची किल्ली ज्यांच्याकडे असते त्या आजी स्वतः उठून दार उघडतात. बेळगावकडचा मराठी माणूस मोडकेतोडके का होईना, कन्नड बोलतो तेव्हा सीमाप्रश्नाची चर्चा कोणी काढत नाही, असा माझा अनुभव आहे. कोरीव कामावर पाणी ओतू नये, खडूने किंवा पिठाने अक्षरे भरू नयेत, पूजा चालू असेल तर छायाचित्राचा आग्रह धरू नये, या गोष्टी एकट्याला पाळणे सोपे जाते, कारण त्याला कोणासमोर मिरवायचे नसते.

धोका नाही असे मात्र मी म्हणणार नाही. या रस्त्यांवरचा खरा धोका दरोडेखोरांचा नसून उसाचा आहे. हंगामात कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या असतात, मागे दिवा नसतो, आणि अंधारात समोरून येणाऱ्या वाहनाच्या झोतात तो ढीग दिसतच नाही. पावसाळ्यात सौंदत्तीच्या पुढची काळी माती चाकात इतकी भरते की चाक फिरणे बंद होते. त्यामुळे सूर्यास्तानंतर गाडी चालवू नये आणि पावसात डांबरी सोडू नये, या दोन नियमांना माझ्याकडे अपवाद नाही.

तेव्हा आपल्या पुतण्याला अडवू नका, पण त्याला असे सांगा. मार्गशीर्षात किंवा पौषात निघावे. मात्र मार्गशीर्ष पौर्णिमेच्या आसपास सौंदत्तीच्या रस्त्यावर यल्लम्माच्या यात्रेची दाटी असते, त्या दिवसांत यरगट्टी-लोकापूरचा रस्ता धरावा. एरवी बैलहोंगल, सौंदत्ती, रामदुर्ग असे करत उजेडातच बदामी गाठावी आणि मुक्काम तेथे करावा. दुसऱ्या दिवशी पहाटे निघाले की पट्टदकल बावीस किलोमीटर आणि ऐहोळे त्यापुढे तेरा. पट्टदकलला परतताना थांबावे, आधी ऐहोळेची टेकडी चढावी आणि मेगुतीकडे जाण्यापूर्वी खालच्या दुमजली मंदिरात ऊन येईपर्यंत बसावे. तिसऱ्या दिवशी गदगमार्गे लक्कुंडी आणि डंबळ होते. सन्नती पहिल्या खेपेस नको, अंतर फार आहे. पंक्चरचे साहित्य, क्लचची जादा केबल आणि डोक्यावर पूर्ण हेल्मेट असल्याखेरीज त्याला फाटकाबाहेर सोडू नये, आणि रोज संध्याकाळी मुक्कामी पोहोचल्यावर त्याने आपणास फोन करावा, हे निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.

आपला,
बेळगावहून, लेखक