आपल्या वतीने उभा राहणारा माणूस कुठवर चालतो?

निवडणूक आली की आपल्याकडे गावोगाव लोकप्रतिनिधींवर चर्चा रंगते. खानापूर आणि कित्तूर बेळगाव जिल्ह्यात असूनही लोकसभेला उत्तर कन्नडमध्ये मोडतात, हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. पण आमदार असो की ग्रामपंचायत सदस्य, त्याची मुदत पाच वर्षांनी संपते. जमीनजुमल्याच्या कागदांत आपल्या जागी उभ्या राहणाऱ्या प्रतिनिधींची मुदत आणि हद्द मात्र कुणी तपासत नाही. खरं नुकसान तिथंच होतं, असं माझं ठाम मत आहे.

सगळ्यात दुर्लक्षित तो कायदेशीर प्रतिनिधी, म्हणजे मेलेल्या पक्षकाराच्या जागी दाव्यात उभा राहणारा वारस. वाटणीचा दावा चालू असताना एखादा पक्षकार वारला, तर मृत्यूच्या तारखेपासून ९० दिवसांत त्याच्या वारसांना रेकॉर्डवर आणण्याचा अर्ज द्यावा लागतो. तो दिला नाही तर त्या माणसापुरता दावा आपोआप अबेट होतो, म्हणजे गळून पडतो, कोर्टाला वेगळा हुकूम काढावा लागत नाही. पुढच्या ६० दिवसांत अबेटमेंट रद्द करण्याचा अर्ज देता येतो. तीही मुदत हुकली तर सोबत उशीर माफीचा अर्ज जोडायचा आणि उशिराचं पटेल असं कारण द्यायचं. वाटणीत सगळे हिस्सेदार समोर लागतात, म्हणून एकाचे वारस राहून गेले तर अख्खा दावा अडचणीत येतो. तेव्हा भाऊबंदांत कुणी गेलं की मृत्यूचा दाखला लगेच वकिलाकडे पोचवा, पुढच्या तारखेची वाट बघू नका.

दुसरी चूक वंशावळीत होते. मुलग्यांची नावं लिहितात आणि लेकींची गाळतात. लग्न झालेली लेकसुद्धा वारस आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकीच हिस्सेदार आहे. तिला गाळणं अन्यायाचं तर आहेच, शिवाय त्याच मुद्द्यावर पुढे निकाल उलटू शकतो. चंदगड, गडहिंग्लज, मिरजेला दिलेल्या लेकींचे पूर्ण पत्ते आधीच काढून ठेवा, नाहीतर समन्स परत येत राहतं आणि तारखा पडत राहतात.

वडिलांच्या कर्जाला वारस जबाबदार असतो, पण त्यांच्याकडून मिळालेल्या मालमत्तेपुरताच. स्वतः जामीन राहिला असेल तर गोष्ट वेगळी.

बँकेतल्या ठेवीचा नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक पैसे त्याच्या हातात देते, हक्क वारसांचा राहतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये हे स्पष्ट केलंय.

उरला मुखत्यार, म्हणजे आपण लेखी अधिकार दिल्यावर आपल्या वतीने व्यवहार करणारा माणूस. गोव्याला, पुण्याला नोकरीला गेलेली माणसं गावातल्या भावाला तसा अधिकार देणारं वटमुखत्यारपत्र देतात आणि विसरून जातात. शेत कसणं, उतारा काढणं, कोर्टात हजर राहणं एवढंच काम असेल तर तेवढंच लिहा, त्यासाठी खास मुखत्यारपत्र पुरतं. विकण्याचा अधिकार द्यायचा नसेल तर ‘विक्री, गहाण, बक्षीस यांचा अधिकार नाही’ असं स्वच्छ लिहून घ्या. घेणाऱ्यांनीही जपावं. नुसतं वटमुखत्यारपत्र आणि करारपत्र घेऊन जमीन नावावर होत नाही, त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निकाल तसाच आहे. मुखत्यारपत्र देणारा वारला की सर्वसाधारणपणे ते तिथंच संपतं. म्हणून सही करण्याआधी मूळ मालक हयात असल्याची खात्री करा.

मुखत्यारपत्र रद्द करताना रद्दपत्र नुसतं पेटीत ठेवून भागत नाही. मुखत्याराला स्पीड पोस्टानं नोटीस द्या, आणि तो ज्या बँकेशी, सोसायटीशी, खरेदीदाराशी व्यवहार करत होता त्यांनाही लेखी कळवून पोच घ्या. त्यांना कळेपर्यंत त्यानं केलेला व्यवहार तुमच्यावर बंधनकारक ठरू शकतो.