बाबा, परत पहिल्यापासून

रात्री साडेनऊला डोंबिवलीत उतरायचं, रिक्षाच्या लायनीत उभं राहायचं, घरी येऊन दोन घास पोटात ढकलायचे, की माझी दुसरी शिफ्ट सुरू. या शिफ्टचे साहेब साडेचार वर्षांचे आहेत. पुस्तक घेऊन गादीवर मांडी घालून बसलेले असतात आणि त्यांना कुठलंही कारण चालत नाही.

चूक माझीच आहे म्हणा. लेक पाळण्यात होती तेव्हापासून मी चित्रांची पुस्तकं जमवायला लागलो, तिच्या नावाखाली स्वतःची हौस, दुसरं काय. माधुरी पुरंदऱ्यांच्या पुस्तकांतली राधा आणि यश आमच्याकडे इतकी वर्षं राहतायत की रेशनकार्डावर नावं घालायची तेवढी बाकी आहेत. ही पुस्तकं दिसायला एकदम गरीब असतात. चोवीस नाहीतर बत्तीस पानं, पानावर दोन ओळी, माणसाला वाटतं पाच मिनिटांत उरकेल. उरकतं पण. मग साहेब म्हणतात, "बाबा, परत पहिल्यापासून."

सातव्या वेळेला पान गाळून बघितलंय मी. वाचता न येणाऱ्या पोरीने मला पकडलं. "तू धप्पकन म्हणाला नाहीस." आमच्या ऑडिटरला पण एवढं सापडत नाही.

एकदा तर वाचता वाचताच डोळा लागला. पुस्तक होतं एरिक कार्लच्या त्या खादाड सुरवंटाचं, इंग्रजी आहे, मी आपलं तोंडाने मराठी करत जातो. सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन नासपती असं करत करत शनिवारी तो केक, आईस्क्रीम, लोणचं, चीज, कलिंगड असलं काय काय हाणतो, आणि त्या दिवशी इअर एंडिंगचं काम करून आलेला मी झोपेत बोललो की शनिवारी सुरवंटाने दोन क्रेडिट नोटा खाल्ल्या. आता रोज शनिवारी क्रेडिट नोटाच पाहिजेत. केक म्हटलं की भोकाड.

आई पलीकडे जपाची माळ घेऊन बसलेली असते, पण कान इकडे. "लोणच्यावर कलिंगड खाल्ल्यावर पोट दुखणारच रे त्याचं, ओवा द्यायचा." पुस्तकात त्याला हिरवं पान खाऊन बरं वाटतं. आईला हा उपाय पटलेला नाही.

या पुस्तकाच्या पानांना खरीखुरी भोकं आहेत, सुरवंटाने खाल्लेली, बोट आरपार जातं. १९६९ मध्ये हे पुस्तक आलं तेव्हा अमेरिकेत असली छपाई परवडेना म्हणून जपानात छापून घेतलं होतं, आणि कार्लला मुळात ही कल्पनाच सुचली पंचिंग मशीनने कागदांना भोकं पाडताना. ही गोष्ट मी कौतुकाने लेकीला सांगितली. सांगायला नको होती. रविवारी दुपारी आम्ही सगळे आडवे झालो असताना तिने माझं पंचिंग मशीन काढलं आणि सोसायटीच्या मेंटेनन्सच्या वर्षभराच्या पावत्या सुरवंटाला खाऊ घातल्या. एप्रिलला एक भोक, मे ला दोन, जूनला तीन. क्रम चुकला नव्हता हे मी बायकोला दोनदा सांगितलं, तिने ऐकून घेतलं नाही.

त्याच आठवड्यात मी चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाचं एक पुस्तक आणलं होतं. त्यात डिप डिप नावाची मुलगी आहे, मीमोची मांजर हरवते, मांजरीचं नाव कापी (म्हणजे मद्रासी कॉफी, आईला हे फार आवडलं), आणि ती झाडावर अडकलेली दिसल्यावर डिप डिप तिला आणायला झाडावर चढते. डिप डिप व्हीलचेअर वापरते. पण पुस्तकात त्याबद्दल कोणी च्च च्च करत नाही, ती फक्त एक आगाऊ मुलगी आहे. मी मात्र तयारीने बसलो होतो. काही जणांना चालता येत नाही, आपण सगळे सारखेच, असं छोटंसं भाषण लोकलमध्ये उभ्या उभ्या पाठ केलं होतं, कल्याण लोकलमध्ये दुसरं काही करता येतच नाही. पुस्तक उघडलं, घसा साफ केला, तर साहेबांचा पहिला प्रश्न, "हिला चाकं आहेत, मग मला का नाहीत?"

भाषण घशातच राहिलं. दुसऱ्या दिवशीपासून माझी वर्क फ्रॉम होमची गोल फिरणारी खुर्ची जप्त. लेक डिप डिप, सोफ्यावरची उशी कापी, आणि मी प्लास्टिकच्या स्टुलावर बसून मीटिंगमध्ये "यू आर ऑन म्यूट" ऐकतोय. आईची शंका वेगळीच, "चढली ते ठीक आहे, पण एवढी उंचावरून उतरायची म्हणजे..."

तर पावत्या. डुप्लिकेट मागायला सेक्रेटरींकडे गेलो, लेक बरोबर. जाताना खाली लिफ्टसमोर ती थांबली. आमच्या बिल्डिंगला गेटातून आत आल्यावर आधी चार पायऱ्या आहेत आणि मग लिफ्ट, बिल्डरने असं का केलं ते त्यालाच ठाऊक. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा पाय गेल्यापासून खाली आलेले नाहीत, गॅलरीतूनच हात करतात. मी अकरा वर्षं त्या पायऱ्या चढतोय, कधी मोजल्यासुद्धा नव्हत्या. हिने मोजल्या. काही बोलली नाही, मला वाटलं विसरली.

सेक्रेटरींनी भोकं पडलेल्या पावत्या उजेडात धरून बघितल्या. उंदीर का, म्हणाले. सुरवंट, म्हणाली. मी विषय बदलायला गेलो तेवढ्यात ही पुढे झाली.

"काका, डिप डिप आपल्याकडे कशी येणार? खाली चार पायऱ्या आहेत. तिला चाकं आहेत."

सेक्रेटरींनी चष्मा कपाळावर सरकवला, रजिस्टर ओढलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "भाडेकरू ठेवताय का? मग आधी एनओसी लागेल. पोलीस व्हेरिफिकेशन झालंय का त्यांचं? आणि ते मांजर वगैरे काय म्हणत होती ही मघाशी जिन्यात?"