‘फुकट लाइव्ह क्लास घ्या, गिऱ्हाईक आपोआप येईल’ : एका फिरत्या सल्ल्याचा प्रतिवाद

छोट्या सेवा-व्यावसायिकांच्या व्हॉट्सॲप गटांतून सध्या एक संदेश सारखा पुढे पाठवला जात आहे. आपल्या कामाचा ऑनलाइन क्लास लाइव्ह आणि फुकट घ्या, त्याला एक पैसाही लागत नाही. अंतराची अडचण उरत नाही, सगळा महाराष्ट्र तुमचे गिऱ्हाईक होतो. मात्र अर्धेच शिकवा, उरलेल्या अर्ध्यासाठी लोक पैसे मोजतील. आणि एकदा रेकॉर्डिंग झाले की तेच दर आठवड्याला लाइव्ह म्हणून चालवा, असा त्याचा मथितार्थ आहे. मी जालना जिल्ह्यात ठिबक संच धुण्याचे आणि दुरुस्तीचे काम करतो व गेली चार वर्षे मोबाइलवरून असे क्लास घेत आलो आहे. त्यांतून मला काम मिळालेले आहे, म्हणून माझा आक्षेप क्लासला नाही. तो ज्या रीतीने घ्यायला सांगितला जात आहे, त्या रीतीला आहे.

खर्चाचा मुद्दा आधी संपवतो. झूमच्या मोफत खात्यावर बैठक ४० मिनिटांत बंद होते, गूगल मीटवर तीन किंवा अधिक जण असतील तर ६० मिनिटांत, आणि दोन्हीकडे मर्यादा १०० जणांची आहे. एवढ्यात माझे भागते, त्यामुळे पैशापुरता हा दावा फारसा चुकीचा नाही. पण वेळ लागतो, आणि तो संदेशात कोठेच धरलेला नाही. शेतीच्या थ्री फेज लाइटची पाळी एका आठवड्यात दिवसाची, तर दुसऱ्यात रात्रीची असते. रात्रीच्या पाळीत माणूस शेतात पाण्याच्या मोटारीवर असतो, क्लासला बसत नाही. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच बसतात, आणि ज्यांनी आपला नंबर जतन केलेला नाही त्यांच्यापर्यंत तो निरोप पोहोचतच नाही. म्हणून आदल्या दिवशी एकेकाला फोन करावा लागतो, आणि त्या दिवशी दुसरे काम होत नाही.

‘सगळा महाराष्ट्र तुमचे गिऱ्हाईक’ हे काही व्यवसायांपुरते खरे आहे. जीएसटीची विवरणपत्रे भरणारा सल्लागार नांदेडात बसून कोल्हापूरच्या दुकानदाराचे काम करू शकतो. माझे काम मात्र नळीला हात लावल्याशिवाय होत नाही. माझी गाडी अंबड, घनसावंगी, बदनापूर आणि फार तर परतूरपर्यंत जाते. सांगलीहून क्लासला बसलेल्या गृहस्थांना मी मनापासून उत्तर देतो, पण ते माझे गिऱ्हाईक होणार नाहीत. याहून महत्त्वाची गोष्ट पाण्याची आहे. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी वापरणाऱ्याच्या संचात गाळ आणि शेवाळ येते, त्याला सँड फिल्टरचा, म्हणजे वाळूच्या गाळणीचा, बॅकवॉश (उलटे पाणी सोडून ती धुणे) आणि क्लोरीन प्रक्रिया शिकवावी लागते. बोअरचे जड पाणी वापरणाऱ्याचे ड्रीपर, म्हणजे नळीवरची थेंब सोडणारी तोंडे, क्षाराने बंद होतात, त्याला आम्लप्रक्रिया लागते. सगळ्या महाराष्ट्रासाठी एकच क्लास घेतला की तो कोणाच्याच विहिरीचा राहत नाही. मी आता कालव्याकाठच्या गावांचा क्लास वेगळा घेतो आणि बोअरवाल्यांचा वेगळा. हजेरी निम्म्यावर आली, तरी दुसऱ्या दिवशी येणारे फोन कमी झाले नाहीत.

‘अर्धेच शिकवा’ हा सल्ला मात्र मला नुसता चुकीचा वाटत नाही, तो घातक वाटतो. मोसंबीच्या आंबे बहरासाठी, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यासाठी, पाणी तोडून बाग ताणावर सोडली की ठिबक महिना-दीड महिना बंद राहते, ड्रीपरच्या तोंडाशी पाणी वाळत जाते आणि नखाने खरवडला तरी निघणार नाही असा पांढरा थर बसतो. पुन्हा पाणी देऊन ताण तोडायच्या आधी तो थर काढावा लागतो, म्हणून डिसेंबरमध्ये माझ्या क्लासला सर्वांत जास्त माणसे असतात. आता मी त्यांना ‘ॲसिड सोडले की क्षार विरघळतो’ एवढेच सांगितले आणि प्रमाण व क्रम पैसे भरणाऱ्यांसाठी राखून ठेवला, तर काय होईल? त्याच संध्याकाळी कोणीतरी बाजारातून कॅन आणून अंदाजाने काम सुरू करील. आम्ल पाण्यात ओतायचे असते, पाणी आम्लात कधीही ओतायचे नसते. शेवटच्या ड्रीपरच्या पाण्याचा सामू (पीएच) पीएच कागदावर साधारण ४ येईपर्यंतच आम्ल सोडायचे असते. मग संच २४ तास बंद ठेवून, एंड कॅप (नळीच्या टोकाचे झाकण) उघडून नळ्या धुवायच्या असतात. आणि ब्लीचिंग पावडर व आम्ल कधीही एकत्र येऊ द्यायचे नसते, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. यातले कोणते अर्धे मी लपवून ठेवावे? कोठलासा अर्धवट व्हिडिओ पाहून बादलीतल्या आम्लावर पाणी ओतलेल्या एका बागायतदारांच्या मनगटावरचा भाजल्याचा डाग मी स्वतः पाहिला आहे. त्या दिवसापासून मी हातमोजे आणि चष्मा घालूनच कॅमेऱ्यासमोर उभा राहतो.

आणि सगळे शिकवल्याने धंदा बुडतो, हेही माझ्या अनुभवाला धरून नाही. ज्याला दीड-दोन एकर आहे तो स्वतः करून घेतो, आणि त्याने करावेच. ज्याला बारा एकर आहे त्याला क्लासमध्येच कळते की या कामात दोन दिवस जातात आणि माणूस नळीच्या टोकापर्यंत चालत जावा लागतो. तो मला बोलावतो आणि दरावरून घासाघीस करीत नाही, कारण पैसे कशाचे ते त्याने पाहिलेले असते. शिवाय जालन्याजवळच्या खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या मासिक चर्चासत्रांना बसलेला इथला शेतकरी समोरचा माणूस हातचे राखून बोलतो आहे, हे लगेच ओळखतो.

रेकॉर्डिंग लाइव्ह म्हणून दाखवणे ही फसवणूक आहे, आणि प्रश्नाला उत्तर आले नाही की ती उघडी पडते. मग आठवडी बाजारात त्याचीच चर्चा होते. रेकॉर्डिंग रेकॉर्डिंग म्हणून द्यायला माझी काहीच हरकत नाही, मीही ते पाठवतो. पण गेल्या हिवाळ्यात एका काकांनी क्लास चालू असताना ड्रीपर उघडून कॅमेऱ्यापुढे धरला होता. मी त्यांना बोटाने चोळायला सांगितले, तेव्हा पांढरा चुरा पडला नाही, हिरवट बुळबुळीत साय बोटाला लागली. ते शेवाळ होते. त्यांनी आणून ठेवलेल्या आम्लाचा त्याला काही उपयोग नव्हता. मी त्यांना कॅन तसाच बंद ठेवायला सांगितले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा सँड फिल्टर उघडायला गेलो.